देश सार्वभौम आहे म्हणजे नेमकं कोणाचं चालतं? (टॅरिफ, तेल, टॉवेल वगैरे)

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसता वाचक होतो, पण आज लिहितोच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशोब आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. अमेरिकेनं ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून वर आणखी २५ असा ५० टक्के टॅरिफ आपल्या मालावर लावला हे माहितीच आहे सगळ्यांना. त्यातले दुसरे पंचवीस म्हणजे आपण रशियाचं तेल घेतो त्याचा दंड. तेलाचा आणि टॉवेलचा संबंध काय असं मी मालकांना विचारलं तर म्हणाले अंगाला तेल लावून आंघोळ केल्यावर काय लागतं सांग. असो. तिकडच्या बायरचा मेल आला की वाढीव ड्युटीतला निम्मा भार तुम्ही घ्या, नाहीतर माल थांबवा. बांगलादेशला तेव्हा २० टक्के होता, पाकिस्तानला १९, मग तो आमच्यासाठी का थांबेल? आमची रात्रपाळी बंद झाली.

टीव्हीवर सगळे म्हणतात झुकायचं नाही. मलाही तसंच वाटतं, अगदी मनापासून वाटतं. पण रात्रपाळीच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं की बाबांनो झुकायचं का नाही. तर प्रश्न असा की आपण कुणाकडून तेल घ्यायचं हे दुसरा देश सांगणार असेल तर आपण सार्वभौम कसले, आणि सांगू देणार नसू तर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं? पक्षांची धुणी इथं धुवू नका, हात जोडतो.

बे_एके_बे
राजकारण नको म्हणून जगाच्या राजकारणाचा धागा काढलास की बे.

नवीपेठ_नंदू
झुकायचं नाही म्हणजे नाही. १९७१ ला अमेरिकेनं सातवं आरमार पाठवलं होतं बंगालच्या उपसागरात, एंटरप्राइज नावाचं विमानवाहू जहाज घेऊन. झुकलो का? १९९८ ला पोखरणनंतर निर्बंध लावले, झुकलो का? त्याआधी रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान रशियाकडून मिळणार होतं, ते अमेरिकेनं दबाव टाकून १९९३ मध्ये अडवलं, तर आपल्या लोकांनी स्वतः बनवलं. वेळ लागला पण बनवलं. त्रास होतो थोडा, देशासाठी सहन करायचा असतो.

पूर्वभागकर
नंदूशेठ, तुमचं दुकान नव्या पेठेत आहे, गिऱ्हाईक इथलंच. सहन करा हे सांगायला सोपं जातं.

कोडगा_कोडर
पुण्यात असतो पण मूळ दमाणी नगरचा. मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. चीन रशियाचं तेल आपल्यापेक्षा जास्त घेतो. त्याच्यावर हा दंड नव्हता. का? कारण एप्रिलमध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या (दुर्मिळ धातूंच्या लोहचुंबकांच्या) निर्यातीवर परवाने लावले आणि अमेरिकेतले गाड्यांचे कारखाने अडायला लागले, आपलेही अडले. म्हणजे समोरच्याचं नरडं आवळता येईल अशी एक तरी वस्तू तुमच्या हातात पाहिजे. बाकी सार्वभौम वगैरे संविधानाच्या उद्देशिकेत आहेच, पण व्यवहारात तुमच्याकडे बंद करायला काय आहे ते सांगा.

बे_एके_बे
शेंगा चटणी. बंद करा एक्स्पोर्ट. आठ दिवसात न्यूजर्सी शरण.

सत्तर_फूट_रोड
आणि कडक भाकरी. डिफेन्सलाही उपयोगी.

कोडगा_कोडर
हसा. पण नायरा या तेल कंपनीचं काय झालं वाचलंत का? गुजरातेत वाडीनारला त्यांची रिफायनरी, निम्म्याच्या जवळ मालकी रशियन रोसनेफ्टची. जुलैत युरोपीय युनियननं तिच्यावर निर्बंध लावले, आणि मायक्रोसॉफ्टनं त्यांची ईमेल वगैरे सेवाच बंद केली. कंपनी भारतात, कर्मचारी भारतीय, लायसनचे पैसे भरलेले, भारतानं किंवा युनोनं असले निर्बंध लावलेले नाहीत. तरी सकाळी ऑफिसात आले तर मेल उघडेना. दिल्ली हायकोर्टात गेले, मग थोड्या दिवसांत सेवा चालू झाली. पूर्वी बंदरात गलबतं आणून उभी करायचे, आता तेवढाही खर्च नाही.

मास्तर_रिटायर्ड
चर्चा छान चालली आहे, म्हणून जरा मागे नेतो. नंदू, १९७१ चं उदाहरण दिलंस ते खरंच, पण ९ ऑगस्ट १९७१ ला आपण सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला होता हे गाळू नकोस. एका मोठ्याला नाही म्हणायला दुसरा मोठा पाठीशी घेतला होता. त्यात कमीपणा काही नाही, ते शहाणपण होतं. पण एकट्याच्या ताकदीवर नाही म्हटलं असं सांगणं म्हणजे अर्धाच इतिहास.

आणि अगदी बलाढ्य देशालाही हे चुकत नाही. ज्या इंग्रजांनी १२ मे १९३० ला आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या आपल्या चौघांना फाशी दिलं, त्याच इंग्रजांना पंचवीस वर्षांनी सुएझमधून खाली मान घालून परतावं लागलं. इजिप्तच्या नासरनं जुलै १९५६ मध्ये कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, इंग्रज-फ्रेंचांनी इस्रायलशी संगनमत करून सैन्य उतरवलं, लढाईत सरशीही होत होती. पण पौंड घसरायला लागला आणि अमेरिकेनं सांगितलं की माघार घेत नाही तोवर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून मदत मिळू देणार नाही. संपलं. मित्रराष्ट्रानंच नाक दाबलं. त्यांच्याकडे विमानवाहू जहाजं होती, साम्राज्य होतं, खजिन्यात डॉलर नव्हते.

१९९१ ला आपण काय वेगळं केलं? ४७ टन सोनं विमानानं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवायला पाठवलं. त्याच्या मागोमाग जे आर्थिक निर्णय झाले ते दिल्लीत झाले, पण दिल्लीतल्या सगळ्यांच्या राजीखुशीनं झाले असं नाही. १९६६ ला रुपया डॉलरला पावणेपाचावरून साडेसातवर आणला, तेव्हाही अमेरिकेचा गहू आणि बाहेरची मदत यांचा दबाव होता.

बे_एके_बे
मास्तर, तुमच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर होतो. तेव्हा असं शिकवलं असतं तर आज वकील झालो असतो.

मास्तर_रिटायर्ड
तेव्हाही असंच शिकवत होतो. तू झोपलेला असायचास.

अनु_दोहा
मास्तरांच्या रुपयावरून आठवलं. आमच्याकडे कतारमध्ये, दुबईत, आखातात बऱ्याच ठिकाणी १९६६ पर्यंत भारतीय रुपया चालायचा हे किती जणांना माहितीय? १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापायची. कुवेतनं १९६१ ला स्वतःचं चलन काढलं, बहारीननं १९६५ ला, आणि आपण रुपया पाडल्यावर बाकीचेही बाहेर पडत गेले. म्हणजे एके काळी यांच्या बाजारात आपली नोट चालायची आणि आता आपण यांच्या रियालमधले पैसे घरी पाठवतो. किती पटकन फिरतं बघा.

दुसरं म्हणजे ९ सप्टेंबरचं. अमेरिकेचा पश्चिम आशियातला सगळ्यात मोठा तळ अल उदैद इथे दोह्याच्या बाहेरच आहे. इथले लोक मानून चालले होते की तो आहे म्हणजे कुणी हात लावणार नाही. जूनमध्ये इराणनं त्याच तळावर क्षेपणास्त्रं टाकली आणि आता इस्रायलनं भर दुपारी दोह्यात हल्ला केला, तोही अमेरिकेचा मित्र. आमच्या बिल्डिंगच्या काचा हादरल्या. हा देश माणशी उत्पन्नात जगात पहिल्या काही नंबरात आहे, गॅस अफाट, पैसा अफाट. पण रात्री ऑफिसच्या ग्रुपवर कतारी सहकाऱ्यांचं एकच चाललं होतं की मग तळ कशासाठी ठेवलाय.

मास्तर_रिटायर्ड
अनु, तू फार जवळून बघितलंस, सांभाळून राहा गं. पण याला आपल्याकडे जुनं नाव आहे, तैनाती फौज. हैदराबादच्या निजामानं १७९८ ला पहिल्यांदा घेतली, आपल्या दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात घेतली. फौज इंग्रजांची, खर्च तुमचा, आणि दुसऱ्या राजाशी बोलायचं झालं तर आमच्या परवानगीनं. सोळा वर्षांत, मे १८१८ ला, इंग्रजांच्या मन्रोनं आपला सोलापूरचा भुईकोट घेतला.

निजामाचं पुढं ऐका, ते जास्त बोधक आहे. त्याच्या राज्यात इंग्रजांनी हैदराबाद कंटिंजंट म्हणून पलटणी उभ्या केल्या, पगार निजामानं द्यायचा. तो थकला, कर्ज चढलं, १८५३ ला त्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ ला कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं लिहूनच घेतलं. सातव्या निजामानं वऱ्हाड परत मागितलं, बरोबरीच्या नात्यानं बोलू लागला, तेव्हा १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगनं पत्र पाठवलं की ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि कुठल्याही संस्थानिकाला बरोबरीनं वाटाघाटीचा हक्क नाही. आणि याच निजामाला इंग्रज आपला विश्वासू मित्र अशी पदवी देऊन बसले होते.

कोडगा_कोडर
हे तर डिट्टो हंबनटोटा झालं सर. कर्ज द्या, फेडता आलं नाही की बंदर घ्या ९९ वर्षांच्या लीजवर.

मास्तर_रिटायर्ड
तितकं सरळ नाही ते. २०१७ ला श्रीलंकेनं बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलं आणि ११२ कोटी डॉलर घेतले हे खरं. पण ते पैसे चीनचं कर्ज फेडायला गेले नाहीत, परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले, कारण लंकेला आंतरराष्ट्रीय रोखेधारकांचे हप्ते भरायचे होते. २०२२ ला लंका बुडाली त्यातही खासगी रोखेधारकांचा वाटा मोठा होता. चीनला साधू म्हणत नाही मी, पण सापळा लावणारे एकाहून जास्त होते आणि लंकेच्या राज्यकर्त्यांनी त्यात स्वतःहून पाय घातला.

नवीपेठ_नंदू
सर तैनाती फौजेचं पटलं, पण मग जपान आणि दक्षिण कोरियाचं काय? तिथं १९४५-५० पासून अमेरिकेचं सैन्य आहे, जपान तर त्या तळांच्या खर्चाला पैसे पण देतो. दोघं श्रीमंत झाले. आपण अलिप्त राहून काय मिळवलं? फौज दुसऱ्याची आणि पैसा आपला, असं पण जमू शकतं.

मास्तर_रिटायर्ड
चांगला मुद्दा. जमतं, जोवर फौजवाल्याला तुमची गरज आहे तोवर. युक्रेननं डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये सही करून अण्वस्त्रं सोडली, रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी सीमांचा मान राखायची हमी दिली. वीस वर्षांत क्रिमिया गेला.

सत्तर_फूट_रोड
मग युनो काय करतं? मला हे कधी कळलंच नाही.

बे_एके_बे
युनो म्हणजे आमच्या अपार्टमेंटची सोसायटी बे. मीटिंगला सगळ्यांना एक एक मत, पण टाकीच्या कॉकची चावी पाच जणांकडं. ते ज्या दिवशी भांडतेत त्या दिवशी कुणालाच पाणी न्हाई.

तुळजाई
नमस्कार. मी नळदुर्गची, लग्न होऊन सोलापुरात. मास्तरांनी निजामाचं लिहिलं म्हणून लिहितेय, उद्या १७ सप्टेंबर पण आहे. आमची आजी सोलापूरला "इंग्रजीत" आणि तिच्या माहेराला "मोगलाईत" म्हणायची, म्हणजे पन्नास किलोमीटरवर दुसरा देशच. आणि खरंच दुसरा देश होता. नाणं वेगळं, हाली शिक्का म्हणायचे, पोस्टाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, स्वतःची विमान कंपनी सुद्धा. बाजाराला सोलापूरला यायचं तर जकात नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायला लागायचं. दीड कोटीच्या वर लोकसंख्या, आजच्या कितीतरी देशांपेक्षा मोठं राज्य. सैन्य होतं, तोफा होत्या.

नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार केला. वर पाकिस्तानला २० कोटींचे रोखे कर्जाऊ दिले. ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली की आम्ही स्वतंत्र आहोत आणि भारत त्रास देतोय. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून फौज निघाली, जनरल चौधरींची, त्याच दिवशी नळदुर्ग घेतला. बोरी नदीवरचा पूल उडवायचा त्यांचा बेत होता तो जमला नाही. पॅरिसमध्ये परिषद १६ तारखेला चर्चेला बसली आणि १७ ला निजामानं शस्त्रं ठेवली. नंतर त्यानं तक्रार मागे घेतली. रझाकारांनी आमच्या भागात जे केलं ते आजीनं डोळ्यांनी बघितलेलं, गाव सोडून सोलापुरात आसरा घेतला होता त्यांनी, त्यामुळे आमच्या घरात १७ सप्टेंबर म्हणजे सण.

पण हा धागा वाचताना मनात आलं की निजामाकडे सगळं होतं, शिक्का, रेल्वे, फौज, युनोत वकील. ज्यांच्यावर राज्य करत होता त्यातली बहुतेक माणसं मात्र त्याच्या बाजूनं नव्हती. मग त्या सार्वभौमत्वाला पाच दिवस पण पुरले नाहीत.

बेगमपेठवाला
तुळजाई ताई, तुमच्या आजीचं दुःख मला मान्य आहे, रझाकारांची बाजू मी घेणार नाही. आमच्या घरात १७ सप्टेंबरची गोष्ट वेगळी सांगतात. माझे पणजोबा उस्मानाबादकडचे, शेतमजूर, निजामाला कधी बघितलं नव्हतं. फौज पुढं गेल्यावर गावात जे झालं त्यात त्यांचे दोन भाऊ गेले. सरकारनंच नेमलेल्या सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता आणि तो अहवाल कितीतरी वर्षं कपाटात राहिला. दोन सरकारांमध्ये सत्ता कुणाची ते ठरलं पाच दिवसांत. आमच्या पणजोबांनी ज्या राजाचा फायदा कधी घेतला नव्हता त्याचं बिल भरलं. पूर्वभागकर भाऊ, तुमचा प्रश्न बिलाचा होता म्हणून लिहिलं, भांडायला नाही.

तुळजाई
भाऊ, वाचलं. आमच्या आजीच्या शेजारी एक विणकर मुसलमान कुटुंब होतं, ते परत दिसलं नाही असं ती सांगायची आणि पुढं गप्प व्हायची. दोन्ही सांगितलं पाहिजे.

इतिहास_रक्षक_२१
झालं यांचं रडगाणं सुरू. जायचं होतं ना मग

संचालक
इतिहास_रक्षक_२१ यांचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत. तुळजाई आणि बेगमपेठवाला ज्या पद्धतीनं बोलले तसं बोलता येत असेल तर या, नाहीतर पाककृती विभाग उघडा आहे.

बे_एके_बे
पाककृती विभागात तर त्याहून जास्त मारामाऱ्या हायेत. कालच डाळ कांद्यावरनं दोन आयडी गेले.

सत्तर_फूट_रोड
अवांतर: आमच्याकडे आजोबांच्या पेटीत चारमिनारचं चित्र असलेली नाणी आहेत, तीच का हाली? काही किंमत येते का?

मास्तर_रिटायर्ड
तीच असणार. विकू नकोस, नातवंडांना दाखव. आणि निजामाच्या पैशाचीच एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादच्या खात्यातले दहा लाखांवर पौंड लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर वळवले गेले. निजामानं परत मागितले, बँक म्हणाली मालक कोण ते आधी ठरवा. राज्य गेलं, निजाम वारला, खटला काही संपेना. निकाल लागला ऑक्टोबर २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांपर्यंत गेली होती. २०२२ ला रशियाचे तीनशे अब्ज डॉलरच्या आसपास पाश्चात्त्यांनी गोठवले तेव्हा मला तीच केस आठवली. पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत असेल तर तो तुमचा किती, हे तिजोरीवाला ठरवतो. म्हणून हल्ली आपली रिझर्व्ह बँक लंडनचं सोनं परत आणतेय.

सीनाकाठ
मोहोळ तालुका, कांदा आणि थोडी डाळिंब. सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे आपल्याला लहान धरून बोलताय, अमेरिका दाबतेय, चीन दाबतोय. जरा खाली बघा की. सप्टेंबर २०१९ ला आपण कांदा निर्यात एका दिवसात बंद केली. बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या तेव्हा भर सभेत हसत म्हणाल्या, मी माझ्या आचाऱ्याला सांगितलंय स्वयंपाकात कांदा घालू नको, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून आणला असता. सगळे हसले. पण म्हणायचं काय होतं ते कळण्यासारखं होतं. परत डिसेंबर २०२३ ला बंदी, ती मे २०२४ पर्यंत. तोवर त्यांनी पाकिस्तान, चीन, मिळेल तिथून घ्यायला सुरुवात केली होती, स्वतः पण लावायला लागले. बंदी उठल्यावर सोलापूरच्या यार्डात मी गाडी घेऊन उभा होतो, व्यापारी म्हणतोय बांगलादेशची मागणीच नाही.

नेपाळचं पण तेच. २०१५ ला त्यांनी संविधान केलं, ते आपल्याला पसंत नव्हतं, आणि सीमेवर गाड्या थांबल्या. आपण म्हणालो आम्ही नाही थांबवल्या, मधेशी आंदोलन आहे. तिथं गॅस नाही, पेट्रोल नाही, नुकताच भूकंप झालेला. त्यांनी मार्च २०१६ ला चीनशी वाहतुकीचा करार केला. आज आपण अमेरिकेला जे म्हणतोय, की तुम्ही कोण आम्हाला सांगणार, ते तिथं आपल्याला म्हणतात.

नवीपेठ_नंदू
दादा, कांदा आपल्या लोकांना स्वस्त मिळावा म्हणून बंद केला, बांगलादेशला त्रास द्यायला नाही. नेपाळचं आणि अमेरिकेचं एकत्र कसं करता? भूतानला आपण २००७ ला करार बदलून मोकळं केलंच की, आधी परराष्ट्र धोरणात आपला सल्ला घ्यावा लागायचा, ती अट काढली.

सीनाकाठ
भूतानचं चांगलंच केलं. पण आपल्या लोकांना म्हणजे कुणाला? मी पण आपलाच आहे. अमेरिका पण हेच म्हणतेय, आमच्या लोकांसाठी करतोय म्हणून.

अनु_दोहा
सीनाकाठ दादांना अनुमोदन. इथं माझ्यासोबत नेपाळी आणि बांगलादेशी दोन्ही आहेत. जेवताना भारताचा विषय निघाला की ते ज्या सुरात बोलतात तो ऐकल्यावर मला आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरचा अमेरिकेबद्दलचा सूर आठवतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारतात की भारताचा मेडिकल व्हिसा कसा काढायचा.

बे_एके_बे
आपण पण तसंच की. सकाळी ट्रंपला शिव्या, दुपारी एच-वन-बी व्हिसाची चौकशी.

सत्तर_फूट_रोड
चीनचा विषय चाललाय आणि कुणी डॉ. कोटणीसांचं नाव घेतलं नाही, सोलापूरकर म्हणवता? १९३८ ला इथून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्यांची ऑपरेशनं केली, १९४२ ला तिथंच गेले, वय बत्तीस. आजही चिनी लोक भैय्या चौकातलं स्मारक बघायला येतात. गलवान झालं त्या जूनमध्येही पुतळा तिथंच होता.

मास्तर_रिटायर्ड
आणि त्यांना पाठवलं कुणी, तर काँग्रेसनं, नेहरू-सुभाषबाबूंच्या पुढाकारानं. देश स्वतंत्र व्हायचा होता, परराष्ट्र खातं इंग्रजांकडं होतं, आणि गुलाम देशानं स्वतःचं वैद्यकीय पथक दुसऱ्या देशाच्या मदतीला धाडलं. ज्यांच्याकडे राज्यच नव्हतं त्यांनी केलेली ही परराष्ट्रनीती. मला वर्गात हे सांगताना फार आवडायचं.

जोडणीवाला
मी यंत्रमागावर असतो, लिहायची सवय नाही. पोरानं टाईप करून दिलंय. पूर्वभागकर साहेब लिहितात ती रात्रपाळी आमचीच नसंल पण तसलीच. तीस पस्तीस जण बसून हायेत. काही जण हैदराबादला, भिवंडीला गेले. आमच्यात घरटी बायका विड्या वळतात त्यावर चालू हाय. तुम्ही लई मोठं बोलता, ऐकायला बरं वाटतं. एक विचारतो, सरकारनं अमेरिकेला नाही म्हणलं ते बरोबर केलं. मग नाही म्हणायच्या आधी आम्हाला दोन महिन्याचा पगार बाजूला काढून ठेवायला काय हरकत होती? लढाईला जाताना शिपायाला शिधा देतात की.

नवीपेठ_नंदू
हे मात्र बरोबर आहे. यावर मी काही वाद घालणार नाही.

पूर्वभागकर
मालक सांगत होते की सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, १९ ऑगस्टपासून, आणि मग ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. सूत स्वस्त झालं तर टॉवेलचा भाव थोडा खाली आणता येईल. म्हणजे अगदीच काही केलं नाही असं नाही.

सीनाकाठ
झालं! हेच बघत होतो कोण काढतंय. ड्युटी काढली म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्तात आत. आपल्याकडं ऑक्टोबरात वेचणी सुरू होईल, विदर्भ मराठवाड्याचा कापूस बाजारात येईल तेव्हा भाव पडलेला. आणि बाहेरचा म्हणजे कुणाचा? ब्राझीलचा, ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा! टॅरिफ लावला अमेरिकेनं, टॉवेलवाल्याला सावरायला सूट दिली, ती पोचली अमेरिकेच्या शेतकऱ्याला, आणि भरली औशाच्या कापूसवाल्यानं. पूर्वभागकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं ना? बिल असं फिरतं. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या दारात जाऊन थांबतं.

कोडगा_कोडर
दादा, पण लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा होत नाही, तो आणावाच लागतो. आणि एकरी उत्पादन आपलं इतकं कमी का, त्याचा विचार कुणी करायचा? बियाणाचं तंत्रज्ञान तरी कुणाचं आहे?

सीनाकाठ
सोलापूरच्या टॉवेलला लांब धागा कशाला लागतोय? विचारा तुमच्या पूर्वभागकरांनाच.

पूर्वभागकर
नाही लागत. आमचं सूत जाडं असतं, देशी चालतं. पण गिरणीवाला सगळं एकत्रच घेतो आणि भाव एकच लावतो, त्यात आम्ही काही करू शकत नाही.

सीनाकाठ
सगळेच काही करू शकत नाहीत. ट्रंप सोडून.

बेगमपेठवाला
ब्रिटनशी जुलैत करार झालाय ना, त्यात कापडावरची ड्युटी शून्य होणार म्हणतात. तिकडं बघा की माल जातो का. माझा मेहुणा लेस्टरला आहे, होलसेलमध्ये.

पूर्वभागकर
सही २४ जुलै २०२५ ला झाली पण लागू व्हायला पुढं त्यांच्या पार्लमेंटची मंजुरी वगैरे लागणार होती, त्याला वेळ लागतो. तरी मेहुण्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, सॅम्पल पाठवायला काय जातंय. जोडणीवाले, तुम्ही पण निरोप टाका, चिंचोळीत एका ठिकाणी चादरीचं लोकल काम चालू आहे, दिवसपाळी आहे, पगार कमी आहे पण विचारून ठेवलंय.

बे_एके_बे
लेस्टरला सॅम्पल पाठवताना त्यात शेंगा चटणीची पुडी टाक बे. ड्युटी लागली तर मास्तर बघून घेतील, त्यांच्याकडं १८०२ पासूनचा हिशोब हाय.